पद्मिनीच्या डिकीचे रबर : एका नाशवंत पट्टीचा इतिहास

१/१३
जुन्या मोटारीचा इतिहास सांगताना इंजिन, कारखाना आणि मालक यांची नावे येतात. डिकीच्या कडेने बसवलेल्या रबरी पट्टीचा उल्लेख कोणी करीत नाही. तरीही प्रीमियर पद्मिनीसारखी गाडी पन्नाशी गाठणार की भंगारात जाणार, याचा निकाल पुष्कळदा ही पट्टीच लावते. त्या पट्टीचा हा इतिहास.

२/१३
प्रथम शब्दाविषयी. घोडागाडीच्या मागे सेवकासाठी असलेल्या बैठकीला इंग्रजीत ‘डिकी’ म्हणत. आरंभीच्या मोटारींत मागे उघडणारी दुमडती बैठक आली, तेव्हा तिलाही तेच नाव मिळाले. पुढे बैठक जाऊन तेथे सामान आले. ब्रिटनने दुसरा शब्द स्वीकारला. भारतात जुनाच टिकला. डिकीतल्या ‘स्टेपनी’चेही तसेच. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून जादा चाकाला ते नाव पडले.

३/१३
आता गाडी. सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. क्रायस्लर या अमेरिकी कंपनीशी करार होऊन १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीतील तुरीनच्या फियाटशी करार झाला. १९६४ ची ‘फियाट ११०० डिलाइट’ हीच १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. इंजिन तेच, १०८९ सीसीचे.

४/१३
या दोन करारांच्या काळातच एक निर्णायक घटना घडली. परदेशातून सुटे भाग आणून येथे केवळ जोडणी करणाऱ्या कंपन्यांना सरकारने १९५३ नंतर थारा दिला नाही. भाग येथेच तयार झाले पाहिजेत, असे धोरण ठरले. १९२८ पासून मुंबईत जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. जे राहिले, त्यांना काच, दिवे, रबर असे सारे देशातच घडवून घ्यावे लागले. सुट्या भागांचा देशी बाजार या सक्तीतून वाढला.

५/१३
रबराचे झाड मात्र मूळचे ब्राझीलचे. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम याने सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. त्यांतून उगवलेली रोपे सिलोनला आणि आग्नेय आशियात पोहोचली. १९०२ मध्ये केरळात पेरियारच्या काठी तट्टेकाड येथे व्यापारी लागवड सुरू झाली. पुढे देशातील बहुतेक नैसर्गिक रबर केरळातूनच येऊ लागले.

६/१३
कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर याला गंधक आणि उष्णता यांचा उपाय सापडला. १८४४ मध्ये त्याने पेटंट घेतले. तरी एक वैगुण्य उरले. हवेतील ओझोन नैसर्गिक रबराच्या रेणूंतील दुहेरी बंध तोडतो. पट्टी जेथे ताणलेली असते, तेथे ताणाला आडव्या भेगा पडतात. १९६० च्या दशकात आलेल्या ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीत असे बंध नसतात. म्हणून ते ऊन आणि ओझोन यांपुढे अधिक टिकते.

७/१३
पट्टी कशाने हरते, हे प्रदेशावर ठरते. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावी उघड्यावर उभ्या गाडीचे रबर उन्हाने कडक होते आणि फटीतून धूळ आत शिरते. मुंबईत त्याच फटीतून चार महिने पाऊस शिरतो. धूळ झटकता येते. गालिच्याखाली साचलेले पाणी कुणाला दिसत नाही, आणि दिसते तेव्हा डिकीच्या तळाचा पत्रा सडलेला असतो.

८/१३
धोका पत्र्यापुरता नाही. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तेथेच घुटमळतो. पट्टी फाटली असेल तर तो डिकीत ओढला जातो. अशा जुन्या गाड्यांत डिकी आणि प्रवासी यांच्यामध्ये हवाबंद भिंत नसते. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

९/१३
पट्टी बदलण्याचे काम साधे, पण घाईचे नव्हे. जुने रबर काढल्यावर वाळलेला गोंद थिनरने आणि पत्रीने पूर्ण खरवडावा लागतो. खाली गंज असेल तर तारेचा ब्रश, मग रेड ऑक्साइड, मग रंग. गंजावर नवे रबर चिकटवणे म्हणजे गंज झाकून ठेवणे. नवी पट्टी आधी गोंदाविना बसवून पाहतात. कोपऱ्यांवर ती ताणायची नाही; ताणली तर भेग तेथेच पडते. सांधा कोपऱ्यात घ्यायचा नाही, आणि पट्टी किंचित लांब कापून दोन्ही टोके एकमेकांवर दाबून बसवायची.

१०/१३
मग परीक्षा. कागदाची पट्टी मध्ये धरून डिकी बंद करावी आणि कागद ओढावा. सगळीकडे तो सारखाच अडत निघाला, तर रबर नीट दाबले जात आहे. नवे रबर जाड असल्याने झाकण आरंभी लागत नाही. तेथे आपटण्यापेक्षा कुलपाची खिट्टी थोडी सरकवावी. शेवटी पाण्याचा पाइप सोडून गालिचा काढलेला तळ तपासावा.

११/१३
पट्टी मिळणार कोठे, हा खरा प्रश्न आहे. असे रबर विशिष्ट छेदाच्या साच्यातून सलग लांबीत काढले जाते. चार गाड्यांसाठी कोणी साचा लावत नाही. मुंबईच्या हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे पद्मिनीचा प्रत्येक भाग खपत असे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत एकही अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. हौशी मालकांना भाग मिळत होते, ते टॅक्सीचालकांच्या गरजेमुळे. तो आधार त्या दिवशी गेला.

१२/१३
दरम्यान केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी नियम केले. प्रथम नोंदणीला ५० वर्षे झालेली, व्यापारी वापरात नसलेली आणि चॅसी, सांगाडा व इंजिन यांत मोठा बदल न झालेली गाडी त्यात बसते. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीची झाली. कायदा लोखंडाचे मूळ रूप मागतो आणि रबराविषयी बोलत नाही. पण लोखंड मूळ रूपात उरते ते रबर वेळेवर बदलल्यामुळे. पट्टीचा मूळपणा राखण्याच्या हट्टापायी सांगाड्याचा मूळपणा गमावणे, हा तोट्याचा व्यवहार आहे.

१३/१३
ऐतिहासिक वाहनांच्या जतनासाठी ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने केलेली सनद तुरीनच्या, म्हणजे फियाटच्याच गावाच्या नावाने ओळखली जाते. केलेल्या बदलांची नोंद ठेवा, हे तिचे एक सूत्र. म्हणून जुनी पट्टी फेकताना बिजागरीजवळचा, कमी दबलेला वीतभर तुकडा कापून ठेवावा. त्यावर गाडीचे साल आणि बदलाची तारीख लिहावी. त्या तुकड्यात मूळ छेद शाबूत असतो. उद्या कोणी पुन्हा साचा करायला निघाले, तर त्याच्यासाठी तोच अस्सल कागद ठरेल.