हा डग्गा माझा नाही

मागे मी घरच्या छोट्या स्टुडिओत आमच्या गुरुजींचा तबला रेकॉर्ड केला. खोली दहा बाय बारा फुटांची, भिंतींना हौसेने फोम चिकटवलेला. टाळी वाजवली तर घुमत नव्हती, म्हणून मी निर्धास्त होतो. गुरुजींनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "हा डग्गा माझा नाही."

चूक शोधता शोधता मी पोहोचलो 1895 सालच्या हार्वर्ड विद्यापीठात. तिथल्या फॉग कलासंग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद ऐकू येत राही. तेवढ्यात वक्ता आणखी डझनभर शब्द बोलून जाई. हे निस्तरायचं काम 27 वर्षांच्या वॉलेस सबीन यांच्याकडे आलं.

त्यांच्याकडे साधनं काय? ऑर्गनची एक नळी, वेळ नोंदणारं यंत्र आणि स्वतःचे कान. रात्री सगळं शांत झालं की जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकीच्या गाद्या उचलून आणायच्या, थोड्या थोड्या पसरायच्या, नळी वाजवून थांबवायची आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. सकाळच्या आत गाद्या परत. अंगावरचे कपडेही आवाज शोषतात हे कळल्यावर ते मोजणीला ठरावीक कपडेच घालू लागले.

1898 मध्ये सूत्र हाती आलं: खोलीचं घनफळ वाढलं की घुमणं वाढतं, शोषण वाढलं की कमी होतं. त्याच हिशोबाच्या आधारे उभारलेला बोस्टनचा सिंफनी हॉल 1900 साली खुला झाला.

पण ती नळी एकाच स्वराची होती, 512 हर्ट्झची. प्रत्येक स्वराला खोली वेगळी वागते, हे सबीन यांनी पुढे मोजलं आणि 1906 मध्ये मांडलं.

माझी चूक नेमकी इथे होती. टाळीत खर्ज जवळजवळ नसतोच. पातळ फोमने चाटेची धार खाल्ली आणि डग्ग्याचा खर्ज तसाच सोडला. त्यात बारा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये 94 हर्ट्झच्या आसपासची लाट चपखल बसते. खर्जापासून वर चढत जाणारा स्वर स्पीकरमधून सोडून माइकने टिपला, तर आलेखात तिथेच उंचवटा!

आता कोपऱ्यांत जाड रॉकवूल भरलंय, माइकची जागाही बदललीय. गुरुजी पुन्हा वाजवायला तयार झालेत. या वेळी मात्र टाळीवर भिस्त नाही. आधी मोजणार, मगच त्यांना बसवणार.