कांगडीचा जमाखर्च

घर उबदार ठेवायचे म्हटले की आता हीटर आठवतो. त्याने आधी खोली तापते, मग माणूस, आणि महिनाअखेरीस विजेचे बिल! जुन्या काश्मीरमध्ये हिशेब उलटा होता. सरपण मोजके, बर्फ मात्र भरपूर. म्हणून त्यांनी खोली तापवायचा नाद सोडून माणूस तापवला.

तिथल्या हिवाळ्याचे तीन भाग आहेत. 21 डिसेंबरला सुरू होणारा चिल्लई कलान 40 दिवसांचा, मग 20 दिवसांचा चिल्लई खुर्द, आणि शेवटी 10 दिवसांचा चिल्लई बच्चा. हे 70 दिवस काढायची तयारी शरद ऋतूतच सुरू होई. चिनाराची पाने गळू लागली की बायका ती झाडून गोळा करत, ढीग पेटवत आणि पुरती राख व्हायच्या आत पाणी शिंपडून विझवत. तो कोळसा पोत्यांत भरून ठेवायचा. झाड तोडायचे नाही, आणि कचराही उरत नाही.

हा कोळसा जाई कांगडीत. कांगडी म्हणजे मातीचे छोटे भांडे, त्याभोवती विलोच्या बारीक फांद्यांची विणलेली टोपली आणि वर धरायला कडी. निखाऱ्यावर राखेचा थर दिला की तो सावकाश जळतो आणि तासन्‌तास ऊब देतो. अंगात पायघोळ, सैल लोकरी फेरन. हात बाह्यांतून आत ओढून घ्यायचे आणि कांगडी फेरनच्या आत धरायची. मूठभर निखाऱ्यात एक माणूस उबदार!

घराचीही त्याला साथ होती. वॉल्टर लॉरेन्स हे 1889 ते 1895 या काळात काश्मीरमध्ये जमाबंदीच्या कामावर होते. 1895 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द व्हॅली ऑफ काश्मीर' या पुस्तकात त्यांनी खेड्यातल्या घरांचे वर्णन केले आहे. हिवाळ्यात तळमजल्यावर गुरे-मेंढरे बांधत, त्यांच्या अंगची ऊब वरच्या मजल्यावरच्या माणसांना मिळे. छपरावर भूर्जाच्या सालीचे थर आणि त्यावर माती, म्हणजे पाणी आत येत नाही आणि ऊब बाहेर जात नाही. वसंतात त्याच छपरांवर फुले उमलत. जाळीच्या खिडक्यांना थंडीत कागद चिकटवत. फट बुजवायला कागद आणि खळ, खर्च तो किती!

पण मी वाणिज्य शाखेची पदवीधर. फक्त जमेची बाजू दाखवून वही मिटता येत नाही. कांगडीची नावेची बाजूही आहे. 1866 मध्ये डॉ. एल्म्स्ली या मिशनरी डॉक्टरांनी लिहिले की, काश्मिरी लोकांच्या मांड्यांवर आणि पोटावर त्वचेचा कर्करोग आढळतो. वर्षानुवर्षे त्याच जागी धग लागल्याने तो होतो. पुढे श्रीनगरच्या मिशन रुग्णालयात नेव्ह बंधूंनी अशा अनेक रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या. कांगडी कलंडून भाजणे तर नेहमीचेच. शिवाय बंद खोलीत निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग, ना वास. झोपेतच जीव जातो.

म्हणजे सरपण वाचले, पण किंमत शरीराने मोजली. बिलावर दिसत नाही म्हणून तो खर्च नव्हे असे थोडेच आहे? काटकसर खरी की खोटी, हे तपासायचे तर खर्च कोणाच्या खाती पडला ते आधी पाहावे.

मग यातून आपण काय उचलायचे? निखारा नव्हे, निखाऱ्याभोवतीची अक्कल. अंगावर थर, फटी बंद, आणि तापवायचे ते माणसाला. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांचे थर टाचून गोधडी शिवत, तीही हेच काम करते. थरांमध्ये अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, आणि त्यासाठी काही जाळावे लागत नाही. आपल्या धर्मात अग्नीलाही जीव मानले आहे, तेव्हा आगीशिवाय मिळणारी ऊब आपल्याला अधिकच जवळची वाटायला हवी.

गारठ्याच्या गावी शेगडी लावणे भागच पडले, तर खिडकी थोडी उघडी ठेवा आणि झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर काढून विझवा. मग खुशाल गोधडीत शिरा.