ईस्टरच्या तक्त्यातून निघालेला सन

येशूच्या पुनरुत्थानाचे स्मरण करणारा ईस्टर हा सण वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपाठोपाठ येणाऱ्या रविवारी पाळायचा असल्यामुळे सूर्य, चंद्र आणि वार या तिन्हींचा मेळ घालणे भाग पडे, आणि १९ सौर वर्षांत २३५ चांद्र महिने बसतात या जुन्या गणिताच्या आधारे चर्चचे विद्वान पुढील अनेक वर्षांच्या तारखांचे तक्ते तयार करीत. इसवी सनाचा उगम अशाच एका तक्त्यात आहे.

अलेक्झांड्रियाच्या परंपरेतील तक्त्यांत वर्षे मोजली जात ती रोमन सम्राट डायोक्लिशियनच्या राज्यारोहणापासून, म्हणजे २८४ पासून. याच सम्राटाने ३०३ मध्ये ख्रिस्ती लोकांचा भीषण छळ आरंभला होता. रोममधील डायोनिशियस एक्झिगस या भिक्षूने ५२५ मध्ये हे तक्ते पुढे वाढवताना त्या छळकर्त्याची स्मृती जपण्याचे नाकारले आणि वर्षे येशूच्या अवतारापासून मोजली. त्यामुळे त्याच्या तक्त्यात डायोक्लिशियन गणनेच्या २४७ व्या वर्षानंतर थेट ५३२ हा आकडा येतो. बदल एका रकान्यापुरता होता, पण त्यामागची नैतिक भूमिका ठाम होती आणि तिचे मोल गणिताहून कमी नाही. येशूचे जन्मवर्ष कसे ठरवले, हे मात्र त्याने सांगितलेले नाही. मत्तयकृत शुभवर्तमानानुसार येशू ज्याच्या राजवटीत जन्मला, तो हेरोद राजा बहुतेक अभ्यासकांच्या मते इसवी सनापूर्वी ४ मध्ये वारला. तेव्हा ही गणना काही वर्षांनी चुकली, असे मानावे लागते. शिवाय शालिवाहन शकात सामान्यतः गत, म्हणजे सरलेली वर्षे मोजतात, तर इसवी सनात चालू वर्ष मोजले जाते आणि शून्य वर्ष नाहीच.

तक्त्यातला हा आकडा इतिहासलेखनात रुजवला तो इंग्लंडमधील बीड या भिक्षूने. ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इंग्लिश चर्चच्या इतिहासात त्याने घटनांना सातत्याने हेच सन दिले, आणि पुढे फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या काळापासून राजदरबारांच्या कागदपत्रांतही ते दिसू लागले. तरीही प्रसार अतिशय संथ होता: रशियाने हा सन १७०० मध्ये स्वीकारला, तर पोर्तुगालने ३८ वर्षांनी पुढे असलेली जुनी इबेरियन गणना सोडली ती १४२२ मध्ये. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवा जिंकला, तेव्हा खुद्द पोर्तुगीजांच्या सरकारी व्यवहारात या सनाला शंभर वर्षेही झाली नव्हती. आणि त्यानंतरही दीर्घकाळ मराठी दप्तरांत शालिवाहन शक, सुहूर सन, फसली सन आणि १६७४ पासून राज्याभिषेक शक याच गणना चालत राहिल्या.