बाजारातला राजा

पुढाऱ्यांच्या थापा हे लोकशाहीनं आणलेलं दुखणं आहे, असं मानणाऱ्या सज्जनांना मी म्हणतो, एकदा आमच्या नगरला येऊन जा. (सरकारदरबारी २०२४ पासून गावाचं नाव अहिल्यानगर झालं आहे; पण गोष्ट निजामशाहीतली, तेव्हा जुनं नाव चालवून घ्या.) १५९५ साली आमच्याकडे ना मतपेटी होती, ना लाउडस्पीकर, ना जाहीरनामा. तरी एका गादीला चार उमेदवार उभे होते. त्यांतल्या एकाला तर अजून नीट उभंही राहता येत नव्हतं.

झालं असं, की सुलतान इब्राहिम निजामशहा विजापूरकरांशी लढताना पडला. मागं तान्हा मुलगा, बहादूर. आता वारस घरात असताना भांडण कशाला? पण कारभारी मियाँ मंजू मोठे मुरब्बी. त्यांनी बहादूरला जुन्नरजवळ चावंडच्या किल्ल्यात अडकवला आणि दौलताबादेहून अहमद नावाचा बारा वर्षांचा मुलगा आणून ‘हाच निजामशाही रक्ताचा’ म्हणून गादीवर बसवला. थोड्याच दिवसांत बोभाटा झाला, की हा त्या घराण्यातला नव्हेच!

हबशी सरदारांचे पुढारी इखलासखान यावर खवळले. त्यांनी चावंडच्या किल्लेदाराकडे बहादूरला मागितलं. किल्लेदार पक्का सरकारी माणूस. म्हणाला, मियाँ मंजूंचा हुकूम दाखवा. झालं! इखलासखानांनी नगरच्या बाजारातून एक पोर उचललं, त्याला मोतीशहा म्हणून उभं केलं आणि खरा वारस तो हाच, अशी द्वाही फिरवली. बनावट राजाचा निषेध म्हणून दुसरा बनावट राजा! चौथे उमेदवार शहा अली. वय सत्तर. त्यांना अभंगखानांनी पुढं केलेलं. बहादूरची बाजू घेतली ती चांदबिबीनं. ही नगरच्या हुसेन निजामशहाची लेक आणि विजापूरच्या आदिलशहाची विधवा.

त्या मोतीच्या आईचा विचार माझ्या मनात कधीकधी येतो. पोर बाजारात खेळायला गेलं काय आणि निजामशहा झालं काय! तिला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

या गोंधळात मियाँ मंजूंनी पत्र पाठवलं ते थेट गुजरातेत, अकबराचा शहजादा मुराद याला. या, म्हणाले, मदतीला. पत्र गेलं आणि इकडे त्यांनी स्वतःच इखलासखानांचा पराभव केला. आता पाहुणे नकोसे झाले. पण आवतण मिळालेला मोगल अर्ध्या वाटेवरून परत जातो थोडाच? तेव्हा मियाँ मंजू आपला अहमद बरोबर घेऊन, विजापूर-गोवळकोंड्याची मदत आणतो म्हणून, किल्ल्याबाहेर पडले. संकट स्वतः बोलवायचं आणि ते दाराशी आलं की ‘वर जाऊन बोलतो’ म्हणून गावाबाहेर सटकायचं, ही रीत तेव्हापासूनची. अहमदला पुढं विजापूरकरांनी जहागीर दिली. चला, एकाचं तरी भलं झालं.

मागं राहिली चांदबिबी. मोगलांनी सुरुंगानं तट उडवला, तेव्हा ती हातात तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली आणि रातोरात खिंडार बुजवून घेतलं. (तोफगोळे संपल्यावर तिनं सोन्याचांदीची नाणी डागली, असंही सांगतात. नगरचं पाणी पाहता हे मला पटत नाही.) अखेर १५९६ साली तिनं तह केला. वऱ्हाड दिलं, राज्य राखलं, बहादूरला गादी दिली.

चार वर्षांनी, १६०० साली, मोगल पुन्हा आले. या वेळी शहजादा दानियाल. दरबारात दुफळी, बाहेरून मदत नाही. चांदबिबीनं ओळखलं, की किल्ला टिकत नाही. बालराजाला आणि शिबंदीला सुखरूप जुन्नरला जाऊ देत असतील, तर किल्ला सोडावा, असं तिनं ठरवलं आणि विश्वासानं सल्ला विचारला चिताखानाला. (काही जण त्याला हमीदखान म्हणतात.) चिताखान तडक रस्त्यावर धावला आणि ओरडत सुटला, ‘चांदबिबी मोगलांना फितूर! किल्ला विकायला काढलाय!’ जमाव वाड्यात घुसला आणि त्यानं तिला ठार मारलं.

त्या ओरडण्याचं बेणं पाहा. तहाचा विचार चालला होता, हे खरंच होतं. अहमदचं खोटं उघडं पडलं, कारण ते शंभर टक्के खोटं होतं. कुणी ना कुणी घराण्याचा पत्ता काढलाच. चिताखानानं निम्मं खरं घेतलं आणि पोराच्या जिवाची अट तेवढी गाळली. संतापलेल्या जमावापुढं ‘थांबा, अटी तर ऐका’ असं म्हणायला गळा कुणाचा चालणार? आणि मोगलांना खरोखर पत्र लिहून बोलावणाऱ्या मियाँ मंजूंवर वाडा फोडून कुणी गेलं नव्हतं, हेही जाता जाता नमूद करतो.

किल्ला त्याच साली पडला. बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. जुन्नर राहिलंच.

पुढं १९४२ साली इंग्रजांनी मौलाना आझाद, नेहरू, पटेल वगैरे मंडळी याच किल्ल्यात आणून डांबली आणि कुठं ठेवलंय ते सुरुवातीला जाहीरही केलं नाही. आझादांना इतिहासाची हौस. त्यांनी तिथल्या तुरुंगाधिकाऱ्याचं नाव चीताखान ठेवलं आणि आपल्या ‘गुबार-ए-खातिर’मध्ये लिहूनही ठेवलं. चांदबिबीचं नाव गावाबाहेरच्या डोंगरावर आहे. उंच, तीन मजली, देखणी इमारत. लोक तिला चांदबिबी महाल म्हणतात, सहली काढतात. ती कबर आहे. आत सलाबतखान झोपला आहे.