स्की करताना भूक लागली तर? बर्फाच्या डोंगरावर खायचं-प्यायचं कुठे, आणि जपायचं कशाला?

इन्स्टावर तुम्ही हे रील नक्की पाहिलं असेल. मागे पांढरेशुभ्र डोंगर, समोर लाकडी गच्ची, गाणी जोरात लागलेली आणि जाडजूड स्की बूट घालून टेबलावर नाचणारी माणसं. वेळ मात्र रात्रीची नाही, तर दुपारी चारची.

हे बघून पहिला प्रश्न पडतो, की एवढ्या उंचीवर, बर्फाच्या मधोमध हॉटेल चालतं कसं? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. नाचून झाल्यावर ही मंडळी खाली कशी येतात? दोन्हींची उत्तरं बघूया. सुरुवात युरोपातल्या आल्प्सपासून करू, कारण डोंगरावर जेवायची ही पद्धत तिथे सगळ्यात जास्त मुरलेली आहे. शेवटी आपल्या गुलमर्गलाही जाऊ.

डोंगरावर जेवायच्या जागा किती प्रकारच्या असतात?

ढोबळमानाने चार.

पहिली जागा म्हणजे लिफ्टच्या स्टेशनला लागून असलेलं सेल्फ सर्व्हिस रेस्टॉरंट. ट्रे घ्यायचा, रांगेत उभं राहायचं, पास्ता, सूप किंवा फ्राइज उचलायचे आणि पैसे भरायचे. वेळ वाचतो, पण दुपारी १२ ते २ तोबा गर्दी असते.

दुसरी जागा म्हणजे डोंगरातली लाकडी झोपडी. ऑस्ट्रियात तिला 'ह्युट्टे' म्हणतात, इटलीत 'रिफुजिओ'. यातल्या कित्येक जागा मुळात गुराख्यांच्या किंवा गिर्यारोहकांच्या निवाऱ्यासाठी होत्या. इथे टेबलावर वाढतात. गर्दीत अनोळखी लोकांच्या टेबलावर जागा मागून बसणं ऑस्ट्रियात अगदी नेहमीचं आहे, त्यामुळे लाजायचं कारण नाही.

तिसरी जागा म्हणजे नाव कमावलेली रेस्टॉरंट्स. स्वित्झर्लंडमध्ये झरमॅटच्या वर फिंडेल्न वाडीतलं 'शे व्ह्रोनी' मॅटरहॉर्नच्या नजाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रियात सोल्डेनला ३,०४८ मीटर उंचीवर 'आइस क्यू' नावाची काचेची इमारत आहे. २०१५ च्या 'स्पेक्टर' या बाँडपटात दिसलेली ती हीच. स्वित्झर्लंडमधल्या शिल्टहॉर्नच्या माथ्यावरचं 'पिट्झ ग्लोरिया' हे फिरतं रेस्टॉरंटही १९६९ च्या बाँडपटामुळे जगभर पोहोचलं. अशा ठिकाणी आधी टेबल बुक केलेलं बरं.

चौथी जागा म्हणजे बार. स्कीइंग संपल्यावरच्या या मजेला फ्रेंच नाव आहे, 'अप्रे-स्की', म्हणजे 'स्कीनंतर'. फ्रान्समध्ये व्हाल दिझेरचं 'ला फोली दूस' आणि ऑस्ट्रियात सांक्ट आंटोनचं 'मूझरव्हिर्ट' ही यातली गाजलेली नावं. टेबलावरच्या नाचाची बरीच रील्स अशाच ठिकाणांहून येतात.

एवढं महाग का?

पिठापासून बियरच्या पिंपापर्यंत सगळं रोपवेने किंवा बर्फावर चालणाऱ्या वाहनाने वर न्यावं लागतं. कचराही तसाच खाली आणावा लागतो. हंगाम चार-पाच महिन्यांचा आणि तेवढ्यात वर्षाचा हिशोब बसवायचा. त्यामुळे गावात जे मिळतं तेच वर गेल्यावर महागतं. त्यातही स्वित्झर्लंड सगळ्यात खर्चिक. ऑस्ट्रिया आणि इटलीत पोटभर जेवण त्यामानाने स्वस्तात होतं.

पैसे वाचवायचे तर डबा न्या. फ्रान्समधल्या अनेक स्की केंद्रांवर 'साल ओर-साक' नावाची खोली असते. घरून आणलेलं तिथे बसून खाता येतं. रेस्टॉरंटच्या टेबलावर मात्र डबा उघडू नका. खिशात चिक्की, खजूर किंवा चॉकलेट ठेवा. लिफ्टमध्ये बसल्या बसल्या खाता येतं.

मागवायचं काय?

ऑस्ट्रियात 'कैझरश्मार्न' घ्या. जाड गोड पॅनकेकचे तुकडे, वर पिठीसाखर, बाजूला फळांचा मुरांबा. एका थाळीत दोघांचं भागतं. 'गेर्मक्न्योडल' हा वाफवलेला फुगीर गोळा असतो. आत आलुबुखारचा जॅम, वर खसखस आणि वितळलेलं लोणी. 'केझश्पेट्झले' म्हणजे चीजमध्ये घोळवलेल्या छोट्या शेवया, वर तळलेला कांदा.

स्वित्झर्लंडमध्ये किसलेल्या बटाट्याची कुरकुरीत 'रोश्टी', आणि चीजचे 'फाँड्यू' व 'राक्लेट'. फ्रान्सच्या साव्हुआ भागात बटाटा आणि रब्लोशाँ चीजची 'टार्टिफ्लेट'. इटलीत मशरूमसोबत 'पोलेंटा', म्हणजे मक्याचं घट्ट पिठलंच म्हणा ना.

शाकाहारी असाल तर हे आधी वाचा

इथे 'व्हेज' समजून मागवलेल्या पदार्थात मांस निघणं सहज शक्य आहे. टार्टिफ्लेटमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे असतातच. रोश्टीवर बेकन घालून देतात. ऑस्ट्रियातली सूपं बऱ्याचदा गोमांसाच्या रश्शात केलेली असतात, मग त्यात तरंगणारा गोळा चीजचा असला तरी. 'श्पेक' हा शब्द दिसला की समजा डुकराचं मांस.

केझश्पेट्झले आणि गोड पदार्थांत मांस नसतं, पण बहुतेकांत अंडं असतं. कैझरश्मार्नमधले बेदाणे रममध्ये भिजवलेले असू शकतात आणि फाँड्यूत व्हाइट वाइन असते. ग्रुयेरसारखी पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, हेही काहींना महत्त्वाचं वाटेल. 'व्हेजिटेरियन?' एवढंच विचारून थांबू नका. 'मांस नको, मासे नकोत, मांसाचा रस्सा नको' असं जर्मन, फ्रेंच किंवा इटालियनमध्ये फोनवर लिहून ठेवा आणि दाखवा.

आणि प्यायला?

दारू न घेणाऱ्यांसाठी बरंच काही आहे. 'शीव्हासर' म्हणजे रास्पबेरी सरबत आणि लिंबू घातलेलं पाणी. ऑस्ट्रियाचं 'आल्मडुडलर' हे वनस्पतींचा अर्क असलेलं सोडा पेय. स्वित्झर्लंडचं 'रिव्हेला' तर चक्क दुधाच्या निवळीपासून बनतं. शिवाय हॉट चॉकलेट आहेच.

दारूवाल्या पेयांत मसाले घातलेली गरम वाइन, म्हणजे 'ग्ल्यूव्हाइन', सगळीकडे मिळते. इटलीचं 'बोंबार्दिनो' अंड्याचं लिकर आणि ब्रँडी गरम करून, वर क्रीम घालून देतात. ऑस्ट्रियाचा 'यागाटी' हा रम घातलेला चहा. नावात चहा असला तरी तो लहान मुलांसाठी मागवू नका.

मग खाली कसे येतात?

बहुतेक जण स्की करतच. इथेच धोका आहे. अनेक बार उतारावर, गावाच्या वर असतात. साधारण चार-साडेचारला लिफ्ट बंद होतात. दिवसभर माणसांनी घासलेला बर्फ संध्याकाळी गोठून कडक होतो, पाय थकलेले असतात, उजेड कमी होत जातो आणि सगळी गर्दी एकाच वाटेने उतरते. त्यात दारूने तोल आणि अंदाज दोन्ही बिघडतात.

'थंडीत दारूने ऊब येते' हा समजही खरा नाही. दारूने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे गरम वाटतं. पण शरीराची आतली उष्णता उलट जास्त वेगाने बाहेर जाते. रात्री बारमधून एकट्याने चालत निघालेला माणूस बर्फात बसला आणि डोळा लागला, तर ते जिवावर बेतू शकतं. त्यामुळे सोबतच्या मित्राला एकटं सोडू नका.

इटलीने यावर कायदाच केला आहे. १ जानेवारी २०२२ पासून तिथे दारूच्या नशेत स्कीइंगला बंदी आहे आणि २५० ते १,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा विमाही त्याच दिवसापासून सक्तीचा आहे. प्रवास विम्याच्या अनेक पॉलिसी दारू पिऊन झालेल्या अपघाताचे पैसे देत नाहीत, त्यामुळे निघण्याआधी ती अट वाचा.

स्की येत नसेल तर?

तरीही वर जेवता येतं, पण दोन गोष्टी तपासा. जायची-यायची लिफ्ट पायी प्रवाशांना नेते का? आणि नवशिके असाल, तर ते रेस्टॉरंट कोणत्या रंगाच्या उतारावर आहे? युरोपात निळा सोपा, लाल मध्यम आणि काळा अवघड. लाल वाटेवरच्या झोपडीतली रोश्टी कितीही भारी असली, तरी निळ्यावर अडखळणाऱ्याने तिचा मोह टाळावा.

आणि आपलं गुलमर्ग?

इथे अप्रे-स्कीचा दंगा नाही. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदूरीला नेतो, दुसरा जवळपास ३,९५० मीटरपर्यंत अफरवतच्या खांद्यावर. खायचं ते खाली किंवा कोंगदूरीला उरकून घ्या. मॅगी, राजमा-चावल आणि बदाम, वेलची, केशर घातलेला कहवा ही इथली खरी ऊब. मीठ घातलेला गुलाबी 'नून चाय'ही एकदा चाखून बघा.

वरच्या टप्प्यावर हवा विरळ असते. डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर चहा पिऊन बरं वाटायची वाट बघू नका, लगेच खाली या. पाणी पीत राहा आणि अशा दिवशी दारू टाळा.

युरोप असो की काश्मीर, वर पोहोचल्यावर मेन्यूकार्डाच्या आधी एकच पाटी वाचायची, शेवटची लिफ्ट किती वाजता आहे ती.