हैदराबाद कंटिंजंट

निजामाच्या खर्चाने पोसलेली, परंतु ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील फौज. परकीय शस्त्रबळावर अंतर्गत बंडे मोडण्याची निजामाची रीत तीहून जुनी आहे. १७९५ मध्ये निजाम अलीचा मुलगा अलीजाह याने बंड केले, ते फ्रेंच सेनानी रेमाँ याच्या पलटणींनी मोडले. १७९८ च्या तहाने फ्रेंचांची जागा इंग्रजांच्या तैनाती फौजेने घेतली. तिच्याखेरीज, रेसिडेंट हेन्री रसेल याच्या कारकीर्दीत (१८११–२०) ही निराळी फौज आकारास आली.

तिचा उपयोग वऱ्हाडात स्पष्ट दिसतो. १८४१ मध्ये मोगलराव याने जामोद (सांप्रत बुलढाणा जिल्हा) येथील तटावर नागपूरकर भोसल्यांचे निशाण उभारले. निजामाच्या स्वतःच्या सैन्याने नव्हे, तर कंटिंजंटने ब्रिगेडियर ट्वेमलो याच्या नेतृत्वाखाली तो उठाव मोडला. बंडाची धास्ती अशी परस्पर दूर होत असल्याने मुलकी कारभार सुधारण्याची निकड दरबारास भासली नाही. दिवाण चंदूलाल याच्या काळात महसुलाची मक्तेदारी बोकाळली; रयत नागवली गेली, तरीही फौजेचा पगार थकतच राहिला.

या थकबाकीपायी व पुढील खर्चाच्या हमीसाठी २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. मोताळा तालुक्यातील धामणगाव बढेचा परिसर या वऱ्हाडातच मोडतो. १८५७ मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूस राहिला. त्याबद्दल १८६० मध्ये धाराशिव व रायचूर परत मिळाले, ५० लाखांचे कर्जही माफ झाले. वऱ्हाड मात्र सुटले नाही. १९०२ मध्ये ते सालिना २५ लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने ब्रिटिशांकडे गेले आणि लवकरच कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाली.