वाहिनीद्वारा फाइलवाचन
मोठी फाइल एकदम स्मृतीत न घेता तुकड्यातुकड्यांनी वाचण्याची फलनाधिष्ठित आज्ञावलीलेखनातील एक पद्धत. तीत वाचणारी व संस्कार करणारी प्रक्रिया परस्परांपासून स्वतंत्र असतात. त्यांना जोडणाऱ्या रांगेस ‘वाहिनी’ म्हणतात.

पीटर लँडिन यांनी १९६५ मध्ये ‘प्रवाह’ ही संकल्पना मांडली. १९७६ मध्ये फ्रीडमन व वाइज, तसेच हेंडरसन व मॉरिस यांनी विलंबित मूल्यमापनाचे विवेचन केले. हॅस्केल भाषेने (१९९०) त्याचा अंगीकार केल्यावर फाइल साध्या यादीप्रमाणे हाताळता येऊ लागली. मजकूर लागेल तेव्हाच वाचला जाई. ही सोय मात्र निर्धोक नव्हती. यादीचा आरंभ अन्यत्र धरून ठेवला गेल्यास वाचलेला सर्व मजकूर स्मृतीत साचे. फाइल अकाली बंद झाल्यास यादी तेथेच संपे. हॅस्केल ९८ च्या नियमांनुसार अशा वाचनातील त्रुटी कळविल्याही जात नसत. परिणामी अपुरा मजकूर पूर्ण समजला जाण्याचा धोका होता.

टोनी होअर यांनी १९७८ मध्ये संदेशांद्वारे सहकार्य करणाऱ्या प्रक्रियांचा सिद्धांत मांडला. त्यावर आधारित वाहिन्या क्लोजर भाषेत २०१३ मध्ये ‘कोअर.असिंक’ या संग्रहाद्वारे आल्या. मर्यादित क्षमतेची वाहिनी भरली की वाचक थांबतो, रिकामी झाली की ग्राहक थांबतो. त्यामुळे स्मृतीत साचणारे तुकडे फाइलीच्या आकारावर नव्हे, तर वाहिनीच्या क्षमतेवर अवलंबून राहतात. तथापि ग्राहकाने काम मध्येच सोडल्यास वाचक अडकून पडतो व फाइल उघडीच राहते. म्हणून समाप्ती व त्रुटी या दोहोंची सूचना स्पष्टपणे देणे येथेही आवश्यक ठरते.